दोन पावलं बाजूला

मी नेमकं काय काम करते हे नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. लातूरकडच्या एका मावशींना मी एकदा अर्धा तास सगळं उलगडून सांगितलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग पत्रिका बी बघतीस का तू?" तेव्हापासून कुणी विचारलं की पप्पाच उत्तर देतात. "लांबच्या भट्ट्या बघती ती. जवळ जाता येत न्हाई, म्हणून भवतालच्या भिंती किती तापल्यात त्यावरून भट्टीचा अंदाज काढायचा." चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्यांनी हे इतक्यांदा सांगितलंय की त्या बसमधल्या लोकांना माझा विषय माझ्या मावशीपेक्षा चांगला कळतो.

आणि ते चुकीचं नाही. दुसऱ्या दीर्घिकांमध्ये, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या पण फार दूरच्या ताऱ्यांच्या वस्त्यांमध्ये, काही जागांहून प्रचंड क्ष-किरण येतात. तिथे एखादा मेलेला तारा किंवा कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून गिळत असतं, आणि गिळला जाणारा वायू तापून झळाळतो. पण गिळण्यालाही मर्यादा असते, आणि या जागा त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेल्या दिसतात. मग प्रश्न पडतो, की त्या खरंच चारी दिशांना एवढी आग ओकतात, की टॉर्चचा झोत नेमका आपल्याच तोंडावर मारून आपल्याला दिपवतात? हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. त्यांच्याभोवती वायूचा आणि धुळीचा ढग पसरलेला असतो, त्याला तेजोमेघ म्हणतात. झोत आपल्याकडे असला तरी ढग सगळ्या बाजूंनी शेकतो की नाही, हे त्या ढगाकडूनच कळतं. ती ऊब डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त किरणांत दिसते. माझी पाच वर्षं अशाच एका ढगाची ऊब मोजण्यात गेली.

पप्पांना हे चटकन कळलं, कारण अवरक्त किरण आमच्या घरात माझ्याही आधी आले होते.

पप्पा आत्ताआत्तापर्यंत चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, मेंटेनन्समध्ये. कंपनी गाड्यांचे बंपर रंगवते. मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही चाकणजवळ निघोज्यात दोन खोल्यांत राहत होतो. तेव्हा कंपनीत उष्णता दाखवणारा एक कॅमेरा आला आणि तो पप्पांच्या हाती दिला गेला. चालू पॅनेलचं दार उघडायचं, आत कॅमेरा धरायचा, आणि कुठे नट ढिला होऊन जोड तापला असेल तर तो पडद्यावर पिवळा-पांढरा दिसायचा. हात न लावता. आयटीआय केलेल्या माणसाला सबंध कंपनीत एकट्याला ते दिसतंय, याचा पप्पांना केवढा अभिमान होता! घरी येऊन ते आमच्या चहाच्या पातेल्याकडे असे रोखून बघायचे की मम्मी म्हणायची, "आता काय पातेल्याचा बी फोटो काढतावं का?"

एके दिवशी रंग वाळवायच्या ओव्हनसमोरच्या पॅनेलमध्ये त्यांना मोठा पांढरा डाग दिसला. आत तांब्याच्या जाड पट्ट्या असतात, त्यांतल्या एका जोडावर. त्यांनी साहेबांना बोलावलं. लाइन थांबवली. चालती लाइन, म्हणजे रंगकामाची सबंध साखळी, थांबवणं म्हणजे काय ते कंपनीत काम केलेल्या माणसालाच ठाऊक. प्रत्येक मिनिटाला वरून फोन येतो. नट आवळले, लाइन सुरू केली, पप्पांनी पुन्हा फोटो काढला. डाग गायब. आग लागायची ती टळली, असं सगळे म्हणाले. महिन्याच्या मीटिंगमध्ये कायझेनचं सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे कामात सुधारणा केल्याची शाबासकी. त्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो होते. पप्पांनी त्याला फ्रेम करून आणली आणि दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावली. पेढे वाटले. मी शाळेत सांगितलं की माझ्या पप्पांनी कंपनी जळताना वाचवली. जळताना हा शब्द माझा होता.

तीन आठवड्यांनी मी शाळेतून आले तर खिळा होता आणि फ्रेम नव्हती.

झालं असं होतं, की पप्पांनी सवयीने तेच पॅनेल पुन्हा तपासलं. डाग पुन्हा हजर. ते बुचकळ्यात पडले. पाय अवघडला म्हणून दोन पावलं बाजूला सरकले, तर डागही त्यांच्याबरोबर सरकला. जोड तापलेला असता तर जागचा हलला नसता. तांब्याची पट्टी नवी होती, आरशासारखी चकचकीत, आणि तिच्यात पाठीमागच्या ओव्हनच्या दाराची उष्णता दिसत होती. पहिल्या वेळी नट आवळल्याने डाग गेला नव्हताच. लाइन थांबवली म्हणून ओव्हन निवला होता आणि दुसऱ्या फोटोपर्यंत पुन्हा तापला नव्हता, एवढंच. नट आधीपासून घट्ट होते. पप्पांनी कंपनी वाचवली नव्हती, विनाकारण बंद पाडली होती.

हे त्या वेळी फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी त्याच दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी घरून नेऊन सर्टिफिकेट परत केलं.

कॅमेरा काढून दुसऱ्याकडे दिला गेला. पप्पा पुन्हा मोटारी आणि पंखे दुरुस्त करू लागले. बसमध्ये कुणी तरी रोज कपाळाला हात लावून विचारायचं, "काय राव, आज ताप हाय का बघा की आम्हाला!" आमच्या खालच्या खोलीत राहणारे काका त्याच बसने जायचे, त्यामुळे ही चेष्टा जिन्यातही ऐकू यायची. मला शाळेत विचारलं गेलं की तुझ्या पप्पांनी आग लागलीच नव्हती ती विझवली ना?

त्या दिवशी जेवताना मी पप्पांना म्हणाले, "कशाला सांगितलंत? कुणाला कळलं असतं का?" मम्मीने पाठीत धपाटा घातला. पप्पा म्हणाले, "मारू नको तिला." मग ताटातलं सगळं संपवून उठले. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. आम्ही पुढे चिंचवडला राहायला आलो. सामान आवरताना मम्मी म्हणाली, खिळा राहू दे. पप्पांनी तो उपटून खिशात टाकला आणि नव्या घरात स्वयंपाकघरातल्या भिंतीत ठोकला. त्याला कॅलेंडर टांगलेलं असतं.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणं खोटं ठरेल. पण मी ते पप्पांची गोष्ट म्हणून ठेवून दिलं होतं. मी शिकलेली, माझ्या हातात अवकाशातल्या दुर्बिणीची चित्रं. नाकाने कांदे सोलायला चाकणच्या बाजारात बसावं लागत नाही, पुण्यात पीएच.डी. केली तरी जमतं.

गेल्या वर्षी माझा शोधनिबंध स्वीकारला गेला. छापून यायचा होता, पण स्वीकारला गेला होता. ढगात उबेचा एक डाग होता, तो नेमका माझ्या स्रोतावर, म्हणजे क्ष-किरण ओकणाऱ्या जागेवर होता, आणि त्याची ऊब एवढी होती की झोताचं म्हणणं मोडीत निघत होतं. माझी भट्टी खरंच चारी बाजूंना पेटलेली होती. याच निबंधाच्या जोरावर परदेशातल्या संशोधकाच्या एका जागेसाठी माझं नाव शेवटच्या दोघांत आलं होतं. मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पप्पांनी बसमध्ये पेढे वाटले. मला ते नंतर कळलं, नाही तर मी अडवलं असतं.

मग एका शुक्रवारी दुपारी, केवळ परिषदेसाठी चित्र जरा देखणं करावं म्हणून, मी सगळ्यांसाठी नव्याने खुली झालेली, त्याच जागेची क्ष-किरणांची माहिती उतरवून घेतली.

इथे थोडं सांगायला हवं. क्ष-किरणांचं चित्र एका दुर्बिणीचं आणि अवरक्त दुसरीचं. दोन्ही एकावर एक बरोबर बसवावी लागतात. मम्मी ब्लाउज शिवताना कापडावर कागदाचं कटिंग ठेवून खुणा जुळवते, तसं. खूण चुकली की बाही भलतीकडे जाते. पहिल्या महिन्यात मला प्रत्येक चित्रात एकेकच ठळक खूण सापडली होती. इकडे क्ष-किरणांचा स्रोत, तिकडे उबेचा डाग. मी तात्पुरता एकावर दुसरा ठेवला आणि चित्रं जुळली असं धरून पुढे गेले. ते तात्पुरतं मी विसरले. मग पाच वर्षं जगाला सांगत राहिले की बघा हो, डाग नेमका स्रोतावर आहे! मीच ठेवला होता तो तिथे.

नव्या माहितीत तीन फिकट खुणा होत्या, ज्या अवरक्त चित्रातही होत्या. त्यांच्यावरून जुळवलं, तर डाग सरकला. पडद्यावर जेमतेम नखाएवढा, तिथे मात्र शेकडो प्रकाशवर्षं. आणि तो जाऊन बसला तरुण ताऱ्यांच्या एका घोळक्यावर, जो माझ्या स्रोताच्या शेजारी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऊब त्यांची होती. मी ती शेजाऱ्याच्या नावावर चढवली होती.

मी तीनदा पुन्हा करून बघितलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं. ती मला जीव लावणारी मुलगी आहे, तिला माझी काळजी वाटली. खुर्ची जवळ ओढून ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी ती जागा तर मिळू दे, मग सावकाश दुरुस्ती पाठव. कुणाला कळणार आहे?"

मला तिच्या तोंडून माझाच दहा वर्षांचा आवाज ऐकू आला. तरीही मी मान डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण डोलावली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. बाईंचा एक साधा फोन आला तरी मी तो उचलला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं.

रविवारी पप्पांच्या कंपनीत फॅमिली डे होता. वर्षातून एकदा घरच्यांना आत नेऊन कंपनी दाखवतात. समोसे, मुलांची चित्रकला स्पर्धा, साहेबांचं भाषण. मी कधीच गेले नव्हते. लहानपणी रागाने, नंतर अभ्यासाच्या निमित्ताने. पण पप्पांना आता थोड्याच महिन्यांत निवृत्त व्हायचं होतं आणि मम्मीने बजावलं होतं की या वेळी काही कारण ऐकणार नाही.

पप्पा इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये पुढे, आम्ही पिवळ्या पट्ट्यांमधून मागे. स्वतःच्या शेताचे बांध दाखवावेत तसे ते एकेक मशीन दाखवत होते. ओव्हनपाशी आल्यावर मात्र ते जरा भरभर चालू लागले. तेवढ्यात त्यांचे मेंटेनन्सचे साहेब आले, वयाने पप्पांपेक्षा लहान, हसतमुख. ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही ते हीट कॅमेऱ्यावालं शिकता ना? मग पप्पांचं शीट बघितलं का? या इकडं."

ओव्हनसमोरच्या पॅनेलच्या बंद दारावर, प्लास्टिकच्या पाकिटात, एक पिवळा पडलेला कागद होता. कारखान्यात अशी पद्धत असते. एक पान, एकच धडा, मशीनला चिकटवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून. अक्षर पप्पांचं. वर दोन चित्रं पेनने काढलेली. एकात माणूस समोर उभा आणि पट्टीवर डाग. दुसऱ्यात माणूस बाजूला सरकलेला आणि डागही सरकलेला. खाली लिहिलं होतं: 'चकचकीत पट्टी दुसऱ्याची गरमी दाखवते. लाइन थांबवण्याआधी दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा. शटडाऊनमध्ये पट्टीवर काळी टेप लावा आणि टेपवर रीडिंग घ्या, टेप चकाकत नाही.' अगदी तळाशी छापील रकाना होता, 'चूक कोणाकडून झाली'. तिथे पप्पांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"बाकीच्यांच्या शीटवर तो रकाना रिकामा असतो बघा," साहेब म्हणाले. "कोण लिहील? मी ट्रेनी होतो तेव्हा. बसमधी आम्हीच जास्त हसायचो ह्यांना, काय भाऊ?" त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी इथं आणून उभा करतो. ह्या शीटनंतर आमच्याकडं एकदा बी खोटा शटडाऊन झाला न्हाई."

ते दुसऱ्या कुटुंबाकडे गेले. मम्मी समोशांच्या रांगेत उभी राहायला गेली. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. मी खगोलशास्त्रात पीएच.डी. केली आहे, आणि माझा सगळा धडा बारावीही न झालेल्या माणसाने अठरा वर्षांपूर्वी पेनाने काढून ठेवला होता.

"पप्पा," मी म्हणाले, "माझंही हेच झालंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते कागदाकडे बघत ऐकत होते. मध्ये फक्त एकदा विचारलं, "सरकला का डाग?"

"सरकला."

"कुणाकुणाला ठाव हाय?"

"मला आणि मैत्रिणीला. आता तुम्हाला."

मला वाटलं आता ते खरेपणावर काही सांगतील. तसं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "तवा मी इचार केला, की उद्या दुसरं कुणी हाच डाग बघून लाइन थांबवंल. परवा तिसरं कुणी. आन चौथ्या खेपंला नट खरंच ढिला आसंल, तवा कुणीच थांबवणार न्हाई. लोक म्हणतील, तिथं तसाच दिसतो. म्हणून सांगितलं. लई मोठेपणा नव्हता त्यात."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "कॅमेरा गेला त्याचं वाईट वाटलं मला. बसमधल्या लोकांचं काय न्हाई वाटलं. पण तू जेवताना बोललीस ना, ते लागलं. वाटलं, पोरीच्या नजरंतून उतरलो."

अठरा वर्षं हे वाक्य त्यांनी पोटात ठेवलं होतं. मला रडू आलं. फॅमिली डेला, पिवळ्या पट्ट्यांमध्ये, डोक्यावर पाहुण्यांची टोपी घालून. मी म्हणाले, "पप्पा, मी चुकले होते." ते गडबडून म्हणाले, "आगं ल्हान होतीस तू. चल, समोसे गार व्हायलेत."

मी मेल कँटीनमध्ये बसून फोनवरच लिहिला. आधी बाईंना, मग त्यांचं उत्तर आल्यावर निबंध छापणाऱ्यांना. बाईंचं उत्तर दोन शब्दांचं होतं, "मागे घे." पुढचा आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. परदेशातली जागा दुसऱ्याला मिळाली. तिथल्या लोकांना मी स्वतःच कळवलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. उगीच थोरपणाचा आव कशाला आणू! कितीतरी दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरत होते.

मग पुन्हा कामाला बसले. आता पप्पांची टेप शोधायची होती, म्हणजे अशी काही खूण, जी फक्त माझ्या भट्टीचीच असेल, शेजाऱ्यांची असूच शकणार नाही. तशी खूण असते. निऑनच्या अणूंतून इतके इलेक्ट्रॉन निघालेले, की साध्या तरुण ताऱ्यांच्या प्रकाशाला ते झेपत नाही, त्याला क्ष-किरणच लागतात. असा निऑन अवरक्तात एका ठरावीक जागी चमकतो. तो माझ्या ढगात मिळाला. क्षीण आहे. माझ्या पहिल्या दाव्याच्या मानाने फारच थोडा. पण तो स्रोताभोवतीच आहे, आणि कशाही खुणा जुळवल्या तरी हलत नाही.

नवा निबंध गेल्या महिन्यात छापून आला. त्याच्या शेवटी मी एक पान जोडलं आहे. दोन चित्रं, चुकीचं जुळवलेलं आणि बरोबर जुळवलेलं, आणि ही चूक कशी होते ते चार ओळींत. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, एवढं कुणी लिहीत नाही. मग म्हणाल्या, राहू दे.

ते पान छापून मी घरी घेऊन गेले. पप्पांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं, डाग कुठून कुठे सरकला ते बरोबर ओळखलं, आणि मग विचारलं, "तुझं नाव कुठं हाय?"

मी दाखवलं. चूक माझ्याकडून झाली, या वाक्याच्या शेवटी.

"तळाला हाय," ते म्हणाले. "बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर कॅलेंडर फ्रिजच्या दाराला लटकत होतं. खिळ्याला प्लास्टिकच्या पाकिटात माझं पान होतं.